बहिणीच्या कार्डावरचं रक्त

बातमी मी आधी लिहिली आणि त्या धावपटू मुलीला नंतर विचारलं. जिल्हा आवृत्तीत हे नेहमीचं आहे. साडेसहाला पान सोडायचं असतं, दिल्लीहून आलेल्या उत्तेजक तपासणीच्या यादीत आपल्या भागातलं एक नाव दिसतं, फोन लागत नाही. मग यादी हाच आधार. तिच्या नावापुढे लिहिलं होतं की राष्ट्रीय स्पर्धेत घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यात दोषी, पदार्थाऐवजी प्रतिबंधित पद्धत, म्हणजे रक्त चढवून घेणं. मी मथळा दिला, ‘जिल्ह्याच्या धावपटूच्या अंगात दुसऱ्याचं रक्त’. साडेतीन महिन्यांपूर्वी त्याच स्पर्धेत तिला तिसरा क्रमांक मिळाला होता, तेव्हा याच पानावर तिचा फोटो मीच चार कॉलममध्ये लावला होता.

मथळ्यात चूक नव्हती. तिच्या अंगात खरंच दुसऱ्याचं रक्त होतं.

ती एटापल्ली तालुक्यातल्या माडिया आदिवासी कुटुंबातली, तेव्हा एकोणीस वर्षांची. आश्रमशाळेतून पळायला लागली आणि चंद्रपूरला वसतिगृहात राहून पाच आणि दहा हजार मीटरची तयारी करत होती. तिला शिकवणारे गृहस्थ शहरातल्या एका मुसलमान कारागीर कुटुंबातले. त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे, गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करतात. पहाटे पाच ते आठ ते मैदानावर असतात, नऊला दुकान उघडतात. कोणी त्यांना नेमलेलं नाही. शहर त्यांना भाई म्हणतं, मुली सर म्हणतात.

बातमी छापून आली त्या दिवशी दुपारी त्यांनी मला दुकानात बोलावलं.

“बसा भाऊ,” ते म्हणाले. “बातमी चांगली लिहिली तुम्ही. मथळा तं लयच मोठा.”

यादीत होतं तेच लिहिलं, असं मी म्हणालो.

“हाव, यादीत होतं. माह्याकडे गिऱ्हाईक येते, म्हणते गेट वाकडा केला तुम्ही. मी पयले जाऊन गेट पाहतो, मंग भिंत पाहतो. लय वेळा भिंतच वाकडी निंगते. तुम्ही पाहाले आले होते का?”

नव्हतो आलो. ती तिथेच बसली होती, रंग न दिलेल्या जाळ्यांच्या ढिगाजवळ, एका स्टुलावर. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, “आता विचारा. तिच्यासमोर विचारा. माही पोरगी असं काई करत नाई.”

रक्त घेतलं होतंस का, असं मी विचारलं.

“हो,” ती म्हणाली.

त्यांच्या हातात चहाचा ग्लास होता. तो त्यांनी ऐरणीवर ठेवला. “तू तं मले काई बोलली नाई.”

“बाईंनी सांगितलं होतं, कोणाले सांगजो नको.”

“कोण बाई?”

“दवाखान्यातल्या बाई. नर्सबाई.”

पुढचा अर्धा तास ती सांगत होती आणि मी सवयीने टिपून घेत होतो. नंतर मी त्यातली प्रत्येक गोष्ट दोन-तीन ठिकाणी ताडून पाहिली. एकही खोटी निघाली नाही.

स्पर्धेच्या दोन-अडीच महिने आधी ती कोसरी या भरडधान्याच्या नव्या पिकाच्या पंडुमसाठी गावी गेली होती. पंडुम म्हणजे सण. तो झाल्याशिवाय घरात नवं धान्य खात नाहीत. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला. गावातल्या आशाताईने बोट टोचून तपासलं, मेंदूचा मलेरिया निघाला. तिला खाटेवर नाल्यापर्यंत आणि तिथून ट्रॅक्टरवर नेलं. रुग्णालयात पोचेपर्यंत दुपार झाली होती. हिमोग्लोबिन साडेचार होतं. ते रुग्णालय कुठलं, हे मी इथे लिहीत नाही.

रक्त हवं होतं. रक्ताच्या बदल्यात रक्तदाता आणला पाहिजे असा नियम कुठेही नाही, पण तशी पद्धत होती. वडील बाही वर करून पुढे आले, तर त्यांचंच हिमोग्लोबिन आठ. मामाला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा अंश होता. तिसरं माणूस आलं नव्हतं. तेव्हा नर्सबाईंनी विचारलं की घरात कोणाचं सिकलचं कार्ड आहे का. वडिलांनी कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडली आणि धाकट्या मुलीचं कार्ड काढून दिलं. सोळा वर्षांच्या धाकटीला सिकलसेलचा आजार आहे, दर काही महिन्यांनी तिला रक्त लागतं. कार्डवाल्या रुग्णाला रक्त दात्याशिवाय मिळतं. केसपेपर धाकटीच्या नावाने निघाला. जुळणीसाठी नमुना थोरलीचाच घेतला, म्हणून वैद्यकीय गफलत झाली नाही. दोघींचा रक्तगटही एकच. दोन पिशव्या चढल्या. धाकटीच्या कार्डावर तारीख, दोन आकडा आणि शिक्का.

घरी सोडताना नर्सबाईंनी तिला सांगितलं, “कोणी विचारलं तं रक्त बहिणीले लागलं म्हणजो. तुले नाई.”

स्पर्धेत रक्ताचा नमुना घेणाऱ्या माणसाने हिंदीत एक एक प्रश्न वाचून दाखवला. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं आहे का, हा त्यातला एक. ती नाही म्हणाली. त्याने नाहीच्या चौकटीत खूण केली आणि तिने खाली सही केली.

“त्यानं विचारलं ना,” ती म्हणाली. “कोणी विचारलं तर नाई म्हणायचं, असं ठरलं होतं.”

सर माझ्याकडे वळले. मग मला म्हणाले, “तपासणीवाले आले की आमच्या खेळात साथ येते भाऊ. त्या दिवशी एकीचा पाय मुरगळला, एकीचं पोट दुखलं, एकीची आजी वारली. रेषेवर पोरीच उरल्या नाई. अन् हे तिसरी येऊन सगळ्याईच्या आधी जाऊन बसली रक्त द्याले. म्हणे सर, लवकर झालं तं घरी फोन करतो.”

ती खाली बघून किंचित हसली. त्या दिवशी तेवढंच.

तपासणी कशी होते ते मला नागपूरच्या एका रक्तपेढीतल्या डॉक्टरांनी समजावलं. आपल्याला चारच रक्तगट माहीत असतात, पण तांबड्या पेशींवर आणखी बऱ्याच बारीक खुणा असतात. रक्त देताना त्या सगळ्या कोणी जुळवत नाही, गरजही नसते. दुसऱ्याचं रक्त घेतलं की त्याच्या पेशी आपल्या पेशींत मिसळतात आणि तीनेक महिने जगतात. यंत्र एकेक पेशी मोजतं. एका माणसाचं रक्त असेल तर आलेखावर एकच उंचवटा येतो. तिच्या आलेखावर मोठ्या उंचवट्याशेजारी एक लहान उंचवटा होता. खेळाडू दमसास टिकावा म्हणून तांबड्या पेशी वाढवून घेतात, ते पकडायला ही तपासणी निघाली.

मी विचारलं, स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवलं आणि स्पर्धेच्या तोंडावर परत चढवलं तर?

“मग हे यंत्र आंधळं,” डॉक्टर म्हणाले. “पेशी त्याच्याच. त्यासाठी वर्षानुवर्षं खेळाडूच्या रक्ताची नोंद ठेवतात आणि चढउतार बघतात. त्यातही हुशार डॉक्टर हाताशी असेल तर तो थोडं थोडं चढवतो. फ्रीज लागतो, विश्वासाचा माणूस लागतो. दुसऱ्याचं रक्त आता सहसा कोणी घेत नाही. त्यात लगेच सापडतात.”

आता पुन्हा तिचं रक्त तपासलं तर काही सिद्ध होईल का, असंही मी विचारलं. नाही म्हणाले. पाच महिने उलटून गेले होते. परक्या पेशी संपल्या होत्या. धाकटीच्या रक्तावरूनही काही ठरलं नसतं, कारण तिला आधीही रक्त दिलेलं होतं आणि नंतरही.

आजारपणात जीव वाचवायला रक्त घेतलं असेल तर नियमात सूट आहे, आणि तातडीचा प्रसंग असेल तर ती नंतरही मागता येते. दिल्लीतले एक वकील अशी प्रकरणं बघतात. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एकच मागितलं, तिच्या नावाचा केसपेपर. आशाताईच्या वहीत तिच्या नावापुढे मलेरियाची नोंद होती. वकील म्हणाले की त्याने मलेरिया सिद्ध होतो. रक्त कोणाला चढलं, ते होत नाही. उत्तर द्यायला वीस दिवसांची मुदत होती. तेवढ्यात चूक मान्य केली तर चार वर्षांच्या बंदीतलं एक वर्ष कमी होतं.

पाच दिवस गेले होते. मी नर्सबाईंना भेटायला गेलो. सर आले नाहीत. आपण आलो तर भांडण होईल म्हणाले.

नर्सबाई कंत्राटी आहेत, अकरा वर्षांपासून. वॉर्डच्या टोकाला टेबल टाकून त्या गोळ्यांची पाकिटं मोजत होत्या.

“मी तुम्हाले ओळखतो भाऊ,” त्या म्हणाल्या. “आमच्या इथी स्ट्रेचर नाई म्हणून तुम्हीच लिहिलं होतं. मंग दोन आले. एकाले चाक नाई.”

मुलीचं नाव सांगितल्यावर त्यांनी पाकिटं बाजूला केली. सगळं आठवत होतं त्यांना. “साडेचार होतं तिचं. ओठ कागदासारखे. बाप एकीकडे, मामा एकीकडे, दोघंही कामाचे नाई. मी काय करू, नियम वाचून दाखवू का तिले? ते पळते, हे मले कुठी माहीत होतं. मले वाटलं धान कापते.”

मी विचारलं, हे लिहून द्याल का?

“देतो,” त्या लगेच म्हणाल्या. “नोकरी जाईन तं जाईन, नातवाची फी त्याचा बाप पाहीन.” मग त्या थांबल्या. “पण भाऊ, मी लिहून दिलं की वरून चौकशी लागेल. चौकशी लागली की साहेब पयले काय करतील? कार्डावर रक्त देणं बंद करतील. चौकशी होतपर्यंत कोणालेच नाई. इथी कार्डवाल्या पोरांईची रांग राह्यते सोमवारी. एकाले आठ दिवस उशीर झाला तं त्याचे हातपाय धरून बसा लागते आम्हाले.”

असं आणखी किती वेळा झालं, असं मी विचारलं.

त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं. “तुम्ही विचारून राह्यले का लिहून राह्यले?”

मी वही बंद केली. त्यांनी आकडा तरीही सांगितला नाही.

दोन दिवसांनी मुलीला घेऊन मी तिच्या गावी गेलो. वडिलांनी अंगणात खाट टाकली. धाकटी दाराशी बसली होती, डोळे पिवळट, पाय पोटाशी घेतलेले. दिसायला दोघी सारख्या, फक्त धाकटी जणू अर्ध्यावर थांबवलेली. वडील माडियात बोलत होते आणि थोरली मला मराठीत सांगत होती. मी कागद, नाव, चौकशी असं समजावत गेलो, त्यांचा चेहरा मात्र तसाच राहिला. त्यांना काही लपवल्यासारखं वाटतच नव्हतं.

“बाबा म्हणतात, कार्ड खोटं नाही,” ती म्हणाली. “दवाखान्यानंच दिलं. रेशनचं कार्ड घराचं असतं, कोणी जाऊन आणलं तरी तांदूळ सगळे खातात. हे कार्डही घराचंच आहे. रक्त घरातच आलं.”

मी म्हणालो की हे कार्ड एकाच माणसाचं असतं. तिने ते भाषांतर केलं. वडिलांनी थोडा विचार करून काहीतरी विचारलं.

“ते विचारतात, मग दुसरी मुलगी मरू द्यायची होती का? ते रागानं नाही विचारत. नियम काय आहे ते विचारतात.”

तिने माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. ती धाकटीशी बोलू लागली. धाकटी आश्रमशाळेत दहावीला होती, तिला मराठी चांगलं येत होतं. ती मुद्दाम माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, “हिला लिहू द्या सगळं. मला कधी मिळतं रक्त, कधी नाही मिळत. तेव्हापण मी राहतेच ना.”

थोरलीने तिला माडियात एकच वाक्य ऐकवलं. धाकटी उठून आत गेली. ते वाक्य काय होतं ते मी विचारलं नाही. वडिलांनी आम्हाला जेवायला थांबवलं.

परत येताना आलापल्लीपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “नर्सबाईंनी लिहून दिलं तर मी नक्की सुटेन का?”

मी वकिलांना आधीच विचारून ठेवलं होतं. ते म्हणाले होते की ती चिठ्ठी आरोपानंतर लिहिलेली असेल, मूळ कागदावर नाव दुसऱ्याचं आहे आणि स्पर्धेच्या फॉर्मवर मुलीची स्वतःची ‘नाही’ आहे. प्रयत्न करता येईल, पण दहात दोनच, फार तर तीन. मी तिला तसंच सांगितलं. गोड करून सांगायची मला सवय नाही, आणि त्या दिवशी तशी इच्छा झाली असं आता लिहिलं तर ते खोटं ठरेल.

“म्हणजे रक्त नक्की थांबेल,” ती म्हणाली, “आणि मी नक्की सुटणार नाही.”

चौकशीत रक्त थांबेलच असं नाही, असं मी म्हणालो. तिने नकारार्थी मान हलवली. ती दवाखान्यात आठ दिवस राहिलेली होती, मी दोन तास.

मुदतीच्या सतराव्या दिवशी तिने दुकानात बसून कबुलीचा फॉर्म भरला. फॉर्म इंग्रजीत होता. मी वाक्यं मराठीत सांगत होतो. नियमभंग केल्याचं मी मान्य करते. ही कबुली मी स्वेच्छेने देत आहे. त्याखाली स्पष्टीकरणासाठी चार ओळी रिकाम्या होत्या.

“इथे काय लिहायचं?”

“कारण द्यायचं असेल तर,” मी म्हणालो.

तिने पेन ओळीवर टेकवलं, मग उचललं. “काहीच नाही लिहिलं तर चालते?”

“चालतं.”

सर तिकडे पाठ करून पत्रा कापत होते. तसेच मागे न वळता म्हणाले, “खाली जागा सोडू नको. रेघ मार. नाईतं कोणी मागून काईबी भरीन.”

त्यांची लोखंडी पट्टी घेऊन तिने चारही ओळींवर एक तिरपी सरळ रेघ ओढली आणि सही केली. तिचं तिसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्रही परत मागितलेलं होतं. त्याच प्रमाणपत्रावर ती पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करणार होती. ते तिने वसतिगृहातून कापडी पिशवीत आणलं होतं, प्लास्टिकच्या कव्हरसकट. मी कव्हर काढून ठेवायला सांगितलं, तर म्हणाली, कव्हरसकट जाऊ द्या, नाहीतर चुरगळेल.

मी दुसरी बातमी लिहिली. एक कॉलम, सहा ओळी. धावपटूवर तीन वर्षांची बंदी, खेळाडूने नियमभंग मान्य केला. यातही चूक नव्हती. मला माहीत असलेलं बाकीचं मी छापलं नाही. संपादकांनी विचारलं की तिची बाजू काय, तेव्हा तिला काही सांगायचं नाही असं मी म्हणालो. हे शब्दशः खरं होतं. वीसेक वर्षांच्या नोकरीत जिल्ह्यातली सर्वांत मोठी आरोग्याची बातमी माझ्या हातात होती, आणि ती छापली असती तर कोणत्या सोमवारी कोणती रांग थांबली असती, हे मला ठाऊक होतं. न छापल्याने कोणाचं भलं झालं असंही मला म्हणता येत नाही. ज्याच्याकडे रक्तदाताही नाही आणि घरात कार्डही नाही, त्याची बातमी मी त्या वर्षी लिहिली नाही, नंतरही नाही.

एक नियम आम्हाला उशिरा कळला. बंदी असलेल्या खेळाडूला शिकवणं हासुद्धा गुन्हा आहे. शिकवणाऱ्यावरही बंदी येते. वकिलांचा निरोप मी सरांना सकाळी मैदानावर जाऊन सांगितला. बारा मुली फेऱ्या मारत होत्या, त्यात ती होती. तिला थांबवून ते बाजूला घेऊन आले. स्टॉपवॉच त्यांच्या गळ्यात होतं.

“उद्यापासून ग्राउंडवर येऊ नको,” ते म्हणाले. “माह्यासमोर पळली तं मलेबी बंद करतील. मंग या पोरीईले कोण पाहीन?”

“मी त्या टोकाला पळते. तुम्ही बघू नका.”

“कसा नाई पाहीन?”

 मग तिने विचारलं, “गावात पळलं तर चालते?”

“गावात पळ. गावात कोणाची मनाई नाई.”

“वेळ कोण लावेल?”

ते म्हणाले, मोबाइलमध्ये घड्याळ राह्यते. ती हो म्हणाली. दोघांनाही माहीत होतं की तिचा मोबाइल साधा आहे आणि गावात सपाट असा चारशे मीटरचा तुकडा नाही. ती दुपारच्या बसने गेली. वसतिगृहातली तिची कॉट चार दिवसांत दुसऱ्या मुलीला मिळाली.

धाकटीला त्यानंतर रक्त मिळत राहिलं. दोनदा उशिरा मिळालं, ते नर्सबाईंकडून कळलं. तिसऱ्यांदा विचारायला फोन केला तेव्हा त्यांचं कंत्राट संपलं होतं. वयाचं कारण होतं, या प्रकरणाचा काही संबंध नव्हता. नव्या नर्सबाईंनी माझं नाव विचारलं आणि रुग्णांची माहिती फोनवर देता येत नाही असं सांगितलं. ते बरोबरच होतं.

थोरली आता खाणीच्या कँटीनमध्ये आहे. गेल्या महिन्यात मी दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा भेटलो. ती भात वाढत होती. अंगाने थोडी भरली आहे. बंदीचे किती दिवस उरले, ते मला मोजावे लागले. तिला तोंडपाठ होते. पळतेस का, असं मी विचारलं.

“रस्त्यावर ट्रक असतात,” ती म्हणाली. “आणि पाळी सकाळी सहाची आहे.”

मागे माणसं थांबली होती. तिने माझ्या ताटात वरण वाढलं आणि पुढच्याचं ताट घेतलं.